पुंडलिकरावांची डरकाळी

पुंडलिकराव ढोकणे मथळ्यांत बोलतात. गंमत म्हणून नाही, जीभच तशी वळली आहे. भर दुपारी मी छापखान्यात संगणकासमोर कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका जुळवत बसलेली असते आणि दारातून आवाज येतो, "जळगाव तापलं! नागरिक हैरान!" म्हणजे पंखा वाढव. चहा आला की "अखेर प्रतीक्षा संपली!" त्यात साखर कमी असली की "ग्राहकांत तीव्र नाराजी!" एकदा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला, तर उंबऱ्यात एका पायावर उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "ऐन बाजारात चपलेचा दगा, संपादक अनवानी!" रस्त्यावरची दोन माणसं काय झालं ते बघायला थांबली.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हसू येतं. मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. मला आता येत नाही.

पुंडलिकराव म्हणजे साप्ताहिक 'डरकाळी'चे संस्थापक, संपादक, वार्ताहर आणि वाटप करणारे. चार पानांचा अंक, दर शुक्रवारी. तो छापला जातो जळगाव जामोदच्या आमच्या छापखान्यात आणि निघतो पुंडलिकरावांच्या लुनावरून. छापखाना माझ्या सासऱ्यांचा. मी खामगावहून या घरात आले तेव्हा इथे पायाने हाणायचं ट्रेडल मशीन होतं आणि शिशाचे खिळे होते. एकेक अक्षर वेचून ओळ उभी करायची. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला ते शिकवलं. मामाजी गेले. मशीन भंगारात गेलं. खिळ्यांच्या जागी संगणक आला, ट्रेडलच्या जागी मिनी ऑफसेट आलं. जुन्यापैकी पुंडलिकराव तेवढे जसेच्या तसे माझ्या वाट्याला आले.

मामाजी सांगायचे की 'डरकाळी' लावायच्या दिवशी उद्गारचिन्हांचे खिळे पुरायचे नाहीत. पहिल्या पानावरच सगळे संपायचे. मग शेवटच्या पानावर मामाजी नुसता दंड उभा करून द्यायचे आणि पुंडलिकराव सगळे अंक घरी नेऊन प्रत्येक दंडाखाली पेनाने टिंब देत बसायचे. संगणकात उद्गारचिन्हं संपत नाहीत हे त्यांना ज्या दिवशी कळलं, तो माझ्या आयुष्यातला फार वाईट दिवस होता.

"सूनबाई, तीन लाव."

"काकाजी, एक पुरे होते. बातमी शाळेच्या मैदानावरच्या गवताची हाये."

"गवत लय वाढलं ना पन!"

बातमी नसली तरी त्यांचं अडत नाही. एका आठवड्यात तालुक्यात खरोखरच काही घडलं नव्हतं. त्यांनी पहिल्या पानावर आडवा मथळा दिला, 'तालुक्यात सर्वत्र शांतता, कारण गुलदस्त्यात!!!' आणि बातमी शिळी म्हणावी, तर त्यांच्याकडे उत्तर तयार असतं. हल्ली भांडण संपायच्या आत ते मोबाइलवर येतं. 'डरकाळी'त ते येतं पुढच्या शुक्रवारी. मी एकदा हे बोलून दाखवलं. पुंडलिकराव म्हणाले, "मोबाइलची बातमी म्हनजे कच्ची कैरी. आपली बातमी लोनचं हाये. मुरू द्या लागते." त्या दिवसापासून कुठलीही उशिरा आलेली बातमी देताना ते "मुरली आता, घे" असं म्हणून कागद माझ्यापुढे टाकतात.

उद्गारचिन्हाच्या खालोखाल त्यांचा जीव प्रश्नचिन्हावर. कुणावर आरोप करायचा असला की शेवटी प्रश्नचिन्ह. 'रस्त्याच्या कामात माती?' 'पाण्याची टाकी सरपंचांच्या घरापुढेच का?' त्यांचं म्हणणं, आपण विचारलं फक्त; विचारणाऱ्यावर कोर्ट काय करणार? "प्रश्नचिन्हानं मानूस सुरक्षित राहते, सूनबाई. मी कधी प्रश्नचिन्ह दिल्याबिगर झोपत नाही."

या सुरक्षिततेपायी माझी काय गत झाली ते ऐका. लगीनसराई होती. संग्रामपूरकडच्या एका गृहस्थांच्या मुलीच्या पत्रिकेची कच्ची प्रत टेबलावर पडली होती. पुंडलिकराव चहा येईपर्यंत रिकामे बसले होते, आणि रिकाम्या पुंडलिकरावांपुढे छापील कागद ठेवणं म्हणजे बकरीपुढे वेल ठेवणं. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, पत्रिका तपासली, आणि 'शुभविवाह' या शब्दापुढे सवयीने प्रश्नचिन्ह ठोकून दिलं. ती खूण गिऱ्हाइकाची समजून मी तशीच लावली. गठ्ठा घेऊन गेलेले मुलीचे वडील दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने परत आले. पत्रिका माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "बाई, माह्या पोरीच्या लग्नावर तुमाले शंका काऊन आली?"

मी सगळ्या पत्रिका पदरचा कागद घालून पुन्हा छापल्या. पुंडलिकरावांना जाब विचारला, तर ते म्हणाले, "बरोबरच हाये. अजून लगन लागलं कुठी?"

अशा माणसाला मी दारात उभं का करते, असं मला घरचे विचारतात. मीही विचारते. पण शुक्रवार आला की लुनाची फटफट ऐकू येते, आणि मी आपोआप चहा सांगते.

आता श्रावणजींबद्दल सांगायला हवं, कारण श्रावणजींशिवाय पुंडलिकराव पूर्ण होत नाहीत.

श्रावणजी अढाव म्हणजे साप्ताहिक 'चिमटा'चे संपादक. हाडकुळे, पांढरीशुभ्र टोपी, निवृत्त मास्तर. 'चिमटा' दर बुधवारी निघतो, आणि तोही आमच्याच छापखान्यातून. श्रावणजींचा मजकूर म्हणजे सुंदर हस्ताक्षर, एक खाडाखोड नाही, आणि सगळ्या अंकात उद्गारचिन्ह औषधाला नाही. ते कुणाला वाईट बोलत नाहीत. 'आमचे ज्येष्ठ मित्र' अशी सुरुवात करतात आणि तीन ओळींत त्या मित्राला उभा सोलतात.

हे ज्येष्ठ मित्र म्हणजे दर वेळी पुंडलिकराव. 'चिमटा'त एक कायमचं सदर आहे, 'मांजराची डरकाळी'. 'डरकाळी'तही एक आहे, 'चिमट्याला चटका'. बुधवारी तो बोलणार, शुक्रवारी हा उत्तर देणार, पुढच्या बुधवारी उत्तराचं उत्तर. गावात याची एके काळी मोठी मजा होती. मामाजी सांगायचे, बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून आलेली माणसं तेलमिठाबरोबर दोन्ही अंक घेऊन जायची. हॉटेलात एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे भजी खात बाजू घ्यायचे. आता भजी तेवढी राहिली आहेत. एकदा पुंडलिकरावांना भजी 'डरकाळी'त बांधून मिळाली. त्यांनी पुडी सोडून आधी पान पाहिलं. पहिलं पान होतं. त्यांनी हॉटेलवाल्याला सुनावलं, "अग्रलेखावर तेल सांडतं बे? एवढंच हाये तं 'चिमटा' ठेव ना पुडीले!"

भांडणाचं मूळ एवढंच की दोन्ही अंकांच्या नावाखाली छापलेलं असतं, 'तालुक्यातील सर्वांत जुने साप्ताहिक'. दोघांचा पहिला अंक एकाच दसऱ्याला, एकाच ट्रेडलवर निघाला होता. आधी कोणाचा निघाला हे फक्त मामाजींना ठाऊक होतं. मी त्यांना विचारलं, तर हसून म्हणाले, "सांगतलं तं एक गिऱ्हाईक जाईन." आणि न सांगताच गेले.

इतक्या वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एकाची गाडी छापखान्यापुढे दिसली की दुसरा मारुतीच्या देवळाला वळसा घालून जायचा. पण शुक्रवारी अंकांचा गठ्ठा बांधून झाला की पुंडलिकराव इकडेतिकडे पाहून म्हणायचे, "सूनबाई, एखांदा 'चिमटा' पडला असन रद्दीत तं दे. लुनाचं सीट पुसाले लागते." मी द्यायची. आणि बुधवारी श्रावणजी टोपी नीट करत विचारायचे, "पुडी बांधायला एखादा जुना कागद आहे का? 'डरकाळी' असली तरी चालेल." मी द्यायची. लुनाचं सीट कधी पुसलेलं मी पाहिलं नाही.

यंदा हिवाळा सुरू झाला तेव्हा एका बुधवारी श्रावणजी आले नाहीत. दुपारी कळलं, त्यांना लकवा मारला होता. मुलाने गाडी करून अकोल्याला नेलं होतं.

शुक्रवारी पुंडलिकराव नेहमीसारखे आले. दारातच ओरडले, "थंडीचा कडाका! शेकोट्या पेटल्या!" गठ्ठा बांधला, लुनाला लावला, आणि इकडेतिकडे पाहून म्हणाले, "दे एखांदा. सीट लय खराब झालं."

"नाही काकाजी. या आठवड्यात 'चिमटा' निघाला नाही."

"काऊन?"

मी सांगितलं. मला वाटलं, आता काहीतरी मथळा येणार, आणि या वेळी आपण गप्प बसायचं नाही असंही मी ठरवून ठेवलं होतं. पण ते हातातली सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.

मग म्हणाले, "कोन्ता हात?"

"उजवा. अन् बोलनंही गेलं म्हणतात."

"लिहायचा हात," ते म्हणाले, आणि लुना न चालवता हातात धरून चालत निघून गेले.

त्यानंतर गेले तसे आठवडे माझ्या शत्रूवरही येऊ नयेत. पुंडलिकराव रोज यायला लागले. काम काही नाही. खुर्चीत बसायचं, उठायचं, माझ्या गिऱ्हाइकांच्या कागदांकडे बघायचं. 'चिमट्याला चटका' या सदरासाठी त्यांनी एकदा लिहून आणलं, फाडलं. पुन्हा लिहून आणलं, पुन्हा फाडलं. "तो बोललाच नाही तं मी काय उत्तर देऊ?" माझ्यावरच खेकसले, जणू श्रावणजींना मीच गप्प बसवलं होतं. शेवटी त्या जागी मी शिकवणीवर्गाची जाहिरात घातली. एरवी अशा गोष्टीवर त्यांनी छापखाना डोक्यावर घेतला असता. त्यांनी अंक पाहिलासुद्धा नाही.

श्रावणजी अकोल्याहून घरी आले, त्यानंतरच्या मंगळवारी पुंडलिकरावांनी माझ्यापुढे कागदांची चळत टाकली.

"हे लाव. उद्या छापाचं."

"उद्या बुधवार हाये काकाजी. तुमचा वार शुक्रवार."

"लाव म्हनलं ना."

मी लावायला घेतलं. पहिलीच ओळ होती, 'आमचे ज्येष्ठ मित्र आणि डरकाळीचे संपादक यांच्या लेखणीस अलीकडे विश्रांतीची नितांत गरज भासू लागली आहे.' मी पुढे वाचलं. पुंडलिकरावांच्या मथळ्यांची टर, त्यांच्या शिळ्या बातम्यांवर टोमणे, लुनाचा उल्लेख. पंचायतीच्या चार बातम्या, हवामान, निधन वार्ता. सगळ्या मजकुरात एकही उद्गारचिन्ह नव्हतं. अक्षर मात्र पुंडलिकरावांचं.

"हे काय हाये?"

"'चिमटा'. या आठोड्याचा."

"तुम्ही लिहिला?"

"मंग कोन लिहीन? त्याचा तं हात गेला." ते खुर्ची ओढून माझ्याजवळ आले. "ते पाह्य, दुसऱ्या परिच्छेदात 'वयोवृद्ध' लिहिलं मी. ते काढ. 'अनुभवी' कर."

"काकाजी!"

"नाही, राहू दे. श्रावण 'वयोवृद्ध'च म्हनते. तो 'अनुभवी' म्हननार नाही मले." ते कपाळ चोळायला लागले. "लय अवघड हाये वं. मी स्वतःले शिवी द्याले बसलो का दोन्ही बाजू पटते मले."

माझं डोकं फिरलं. मी कळफलक बाजूला सरकवला. दुसऱ्याचं वर्तमानपत्र, दुसऱ्याचं नाव, आणि तो माणूस अंथरुणावर. त्याला न विचारता आपण त्याच्या तोंडात शब्द घालायचे, हे मी छापणार नाही, असं स्पष्ट सांगितलं. इतक्या वर्षांचा सगळा राग त्यात आला. पत्रिकेचं प्रश्नचिन्हही मी त्यात उकरून काढलं. हेही म्हटलं की ज्या माणसाशी तुम्ही जन्मभर बोलला नाहीत, त्याच्या अंकाशी तुमचा संबंध काय?

पुंडलिकरावांनी विचारलं, "सूनबाई, तू 'डरकाळी' लावते. वाचते काय?"

लावताना अक्षरं दिसतात. वाचणं वेगळं.

"पोरगा पुन्याले हाये. त्याले मोबाइलवर अंक पाठोतो. तो अंगठा पाठोते. मी अंक पाठोला का मिनिटात अंगठा. मिनिटात चार पानं कोन वाचते?" ते हसले. "गावात वाटतो तं लोक म्हनते, ठेवा, खिडकीत ठेवा. एक तोच वाचे बाई. शेवटल्या ओळीपरेंत वाचे. माही एक वेलांटी चुकली का बुधवारी मले दाखवे. आता मी कोनासाठी लिहू?"

बाहेर कुणीतरी झेरॉक्सचं विचारत होतं. मी उठून त्याला नाही म्हणून सांगून आले. परत आले तरी ते तसेच बसले होते.

"श्रावणजींच्या घरी विचारून येते," मी म्हटलं. "त्यांनी हो म्हटलं तरच."

"हाव, जा. पन मी पाठोलं म्हनू नको."

श्रावणजींची सून सविता अंगणात तूर वाळत घालत होती. मी सगळं सांगितलं. पुंडलिकरावांचं नावही सांगून टाकलं, लपवण्यात काही अर्थ नव्हता. ती डोळे पुसत हसली. म्हणाली, "ताई, बुधवार आला का मामाजी हातानं चादर धरून ओढते. आमाले समजेच ना, काय पाह्यजे. आता समजलं." मग जरा विचार करून म्हणाली, "छापा. पन त्यायले दाखोल्याबिगर वाटू नका. अंक त्यायचा हाये."

हे मला पटलं. बुधवारी सकाळी मी चार पानांची कच्ची प्रत काढली आणि स्कूटीवर निघाले. मागून लुनाची फटफट. श्रावणजींच्या घरासमोर मी थांबले, तेव्हा पुंडलिकराव पलीकडच्या विजेच्या खांबाशी लुना लावून, खांबावरची जुनी जाहिरात वाचत असल्यासारखे उभे राहिले.

"चला ना."

"मी नाही येत. मी माह्या कामानं आलो इकडे."

श्रावणजी बाहेरच्या खोलीत पलंगावर तक्क्याला टेकून होते. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळली होती, पण टोपी डोक्यावर होती आणि डोळे लख्ख होते. सविताने त्यांना चष्मा घातला आणि पानं त्यांच्यापुढे धरली. ते वाचायला लागले. किती सावकाश, पण किती नीट. ओळीवरून नजर सरकायची, थांबायची, मागे जायची. सविताचे हात भरून आले, मग मी धरली पानं. अग्रलेखाच्या मध्यावर त्यांच्या घशातून एक आवाज आला. मी घाबरले. सविता म्हणाली, "हसून राह्यले."

तीन पानं झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने पेन मागितलं. मी दिलं. पुंडलिकरावांनी एके ठिकाणी लिहिलं होतं, 'डरकाळी कधीकधी चुकते.' श्रावणजींनी लहान मूल रेघ ओढतं तशी, 'कधीकधी' या शब्दावरून रेघ ओढली. आणि दमून पेन सोडून दिलं.

दाराकडे बघून त्यांनी ओठ हलवले. दोनदा हलवले तेव्हा मला कळलं. "पुं... ड..."

त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती.

मी खांबापर्यंत जाऊन सांगितलं, "बोलावलंय." पुंडलिकरावांनी दुपट्टा खांद्यावर नीट केला, काढला, पुन्हा नीट केला, आणि माझ्या मागे आले. दारात चपला काढताना मी कान टवकारले, पण मथळा आला नाही. आत येऊन उभे राहिले. दोन म्हातारे एकमेकांकडे पाहत होते, आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

"काय खोडलं यानं?" शेवटी त्यांनी मला विचारलं.

मी पान दाखवलं.

"'कधीकधी' काढलं?" त्यांचा आवाज चढला. "काऊन बे? म्हनजे मी सदाच चुकतो? पुरावा दे! एक पुरावा दे!"

श्रावणजींनी भुवया वर केल्या.

"हाव, माहीत हाये, तू धरनाचं म्हनशीन. धरन फुटलं असं मी कधी लिहिलंच नाही. 'फुटलं?' असं लिहिलं. प्रश्नचिन्ह होतं!"

श्रावणजींनी मान हलवली. नाही.

"होतं! अन् तू त्याच्यावर पुढच्या बुधवारी काय लिहिलं? म्हने आमच्या मित्राच्या डोक्यातलं पानी. ते लिहाले पाह्यजे होतं तुनं? माही बायको होती तवा. ती वाचून हसली, तिच्यावर चिडलो मी..."

ते पलंगाच्या कडेला बसले होते. कधी बसले ते त्यांना कळलं नसावं. श्रावणजींची बाजूही तेच मांडत होते आणि तिला उत्तरही तेच देत होते, आणि श्रावणजी डोळ्यांनी हो, नाही, खोटं असं सांगत होते. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. पुंडलिकरावांनी बोलता बोलता खांद्यावरचा दुपट्टा ओढला, ती पुसली, हनुवटीही पुसली, टोपी सरकली होती ती सरळ केली, आणि वाक्य न तोडता पुढे भांडत राहिले.

सविता चहा टाकायला आत गेली. छपाईसाठी प्लेट करायची होती, मी पानं परत मागितली.

"थांब," पुंडलिकराव म्हणाले. "त्याचं शेवटचं पान वाचाचं राह्यलं."

"ते मघाशी थकले, काकाजी. राहू द्या. आतल्या पानांवर काही चूक नव्हती, शेवटचं तसंच जाईल."

"तसंच जाते काय कधी? अंक त्याचा हाये."

त्यांनी स्वतःचा चष्मा दुपट्ट्याच्या कोरड्या टोकाने पुसला, पलंगाशी वाकून बसले आणि वाचायला लागले. इतक्या वर्षांत मी पुंडलिकरावांना हळू आवाजात वाचताना ऐकलं नव्हतं. रोहिणखेडची हरवलेली म्हैस, कपाळावर पांढरा चांद. ग्रामसभेची सूचना. कुणाच्या तरी तेराव्याचं ठिकाण आणि वेळ. निव्वळ छापील रटाळ मजकूर, त्यांनीच रात्री बसून लिहिलेला, पण एकही शब्द न गाळता.

श्रावणजींचे डोळे मिटले. पुंडलिकरावांनी पाहिलं, झोपला असं समजून पान खाली घेतलं.

चादरीवर श्रावणजींच्या डाव्या हाताची बोटं हलली.

"हाव बे, वाचतो ना," पुंडलिकराव म्हणाले, आणि जिथे थांबले होते त्याच्या एक ओळ आधीपासून पुन्हा वाचू लागले.